भोयरकाकाजींची कापडी बॅटरी

वर्ध्याजवळच्या सेलूत आमच्या गल्लीत नऊ माणसं कपड्यांच्या आत बॅटरी लावून हिंडतात. मी त्यांतला एक. आमच्यापैकी कुणालाही हृदयाचा त्रास नाही, कुणाचं ऑपरेशन झालेलं नाही. त्रास आहे तो एकच, आणि तो समोरच्या घरात राहतो. त्याचं नाव भोयरकाकाजी.

सकाळी मी स्कूटरला किक मारायच्या आत ते आमच्या फाटकाशी हजर असतात. एका हातात लाल-काळ्या तारांचं मीटर आणि दुसऱ्या हातात पत्त्याच्या पानाएवढा कापडाचा तुकडा. म्हणतात, "शर्ट वर करा, राऊतबाबू." मी सेवाग्रामला दवाखान्यात रेकॉर्डच्या खोलीत नोकरीला आहे. पन्नाशी गाठली आहे. गल्लीत मला थोडाफार मान आहे, निदान माझा तसा समज आहे. पण मी मुकाट्याने शर्ट वर करतो.

तो तुकडा म्हणजे बॅटरी. टॉर्चमध्ये घालतो तसली नव्हे. ही छापलेली असते. कापडाच्या एका बाजूला जस्ताच्या भुकटीची शाई, दुसऱ्या बाजूला मँगनीजची काळी शाई, मध्ये क्षारात भिजवलेला पातळ कागद, आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा. घडी घाला, चुरगळा, खिशात कोंबा, तिचं काही बिघडत नाही. बिघडते ती घामाने. म्हणून आम्ही नऊ जण.

काकाजींनी आयुष्यभर लग्नपत्रिका छापल्या. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी दाबून एका दमात खाली ओढायची. सेलूपासून सिंदीपर्यंत ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्यांच्या संसाराला काकाजींचा हात लागलेला आहे. पुढे लोक मोबाईलवर आमंत्रणं धाडू लागले. दारात येऊन पत्रिका देण्याऐवजी सनईसकट फोनवर पाठवायची पद्धत आली आणि काकाजींच्या चौकटी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अशात एक दिवस त्यांनी मोबाईलवर परदेशातल्या कुठल्याशा पोराला जाळीवरून बॅटरी छापताना पाहिलं. तीच चौकट, तेच रबर, तोच हिसका. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "हे त आपलंच काम हाय. त्या पोराचा हात मात्र कच्चा हाय."

त्या पोराच्या हातात काय कमी आहे हे त्यांनी मला पाऊण तास समजावून सांगितलं. माझा चहा निवला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पहिले सुकू द्या." छपाईत एक रंग सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नसतो, हे खरंच आहे. पण काकाजी हा नियम सगळीकडे लावतात. शेजारच्या दोघा भावांचं सांडपाण्याच्या नालीवरून जुंपलं, एकाने तर कुदळच उचलली, तेव्हा काकाजी मध्ये जाऊन शांतपणे म्हणाले, पहिले सुकू द्या. कुदळवाल्याला काही उमगेना. तो विचार करत राहिला आणि तेवढ्यात त्याच्या बायकोने कुदळ काढून घेतली. माझ्या मेव्हण्याच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, तेव्हाही पाहुण्यांसमोर त्यांनी हेच ऐकवलं. ती सोयरीक अजून सुकते आहे.

घामाचं त्यांनी एक रजिस्टर ठेवलं आहे. जुन्या पत्रिकांचे उरलेले पुठ्ठे शिवून केलेलं. त्यात आमची नावं, बॅटरी लावल्याची वेळ, उतरवल्याची वेळ आणि घामाचा प्रकार. भाजीवाल्या सुमनबाई पहाटे मळ्यातून वांगी-मेथीची टोपली डोक्यावर घेऊन येतात, त्यांच्या नावापुढे लिहिलं आहे, "घाम सच्चा." पोस्टमनच्या नावापुढे, "खारट, पण भरवशाचा." माझं पान मी एकदा चोरून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "घाम भरपूर, काम कमी." यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

दवाखान्यात एकदा एका शिकाऊ डॉक्टरला माझ्या शर्टातून बॅटरीची पट्टी डोकावताना दिसली. त्याने विचारलं, कसलं औषध आहे. मी खरं काय ते सांगितलं. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि माझा रक्तदाब मोजला.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर आम्ही शर्ट वर करत होतो.

काकाजींच्या घरी शांताकाकू आहेत. त्यांचं माहेर केळझर. सेलूहून बसने अर्धा तासही लागत नाही. तीन-चार वर्षांपासून काकूंच्या आठवणी एकेक करून गळू लागल्या. आधी वाराची आठवण गेली, मग नावांची, मग गॅस बंद केला की नाही याची. केळझर तेवढं राहिलं. दुपारी मनात आलं की त्या कापडी पिशवी काखेत घेऊन बाहेर पडतात आणि नागपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतात. मागच्या चैत्रात अशाच गेल्या आणि केळझरला उतरल्याच नाहीत. रस्ता रुंद झाला, जुनी झाडं गेली, त्यांना गाव ओळखू आलं नसावं. आम्ही अख्खी गल्ली पाच-सहा मोटारसायकली घेऊन फिरलो. दिवेलागणीला त्या बुटीबोरीच्या स्टँडवर बाकड्यावर सापडल्या. शेजारच्या बाईला दर थोड्या वेळाने सांगत होत्या, "केळझर आलं का सांगजो व माय." काकाजी त्यांच्यासमोर येऊन बाकड्याशी जमिनीवरच बसले.

लोकांनी सल्ला दिला, बाहेरून कडी लावत जा. एक दिवस लावली. काकूंनी आरडाओरडा केला नाही, दार वाजवलं नाही. तासाभराने काकाजींनी उघडलं तर त्या पिशवी घेऊन दाराशी तशाच उभ्या. काकाजींना म्हणाल्या, "जरा उघडून देता का जी? माही बस जाईल." पुन्हा त्या घराला कडी लागली नाही.

मग मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून नेलेले वर्ध्याचे एक प्राध्यापक काकाजींच्या मदतीला आले. त्यांनी तिळाएवढा एक यंत्राचा तुकडा दिला. तो अंगावर असला आणि माणूस घरापासून चार पावलं लांब गेला की घरातला बजर वाजतो. तीळ बारीक होता, पण त्याला चालवायला लागणारा बटणासारखा सेल काही बारीक नव्हता. आणि खरी मेख तिथेच होती.

काकू वाती वळतात. गल्लीतल्या सगळ्या देवांना त्यांच्याच वाती. घरातलं सगळं विसरल्या तरी बोटं विसरली नाहीत. कापूस हातात घेतला की चिमटीत फिरवून आतली सरकी, काडी, कचरा शोधायचा आणि बाहेर टाकायचा, ही लहानपणापासूनची सवय. आमच्या भागातल्या बाईला सरकी डोळ्यांनी शोधावी लागत नाही. काकूंची बोटं रिकामी असली की पदर चाचपतात. बटणाचा सेल पदरात शिवला, तो त्यांनी पाच मिनिटांत शोधून अंगणात फेकला. गळ्यातलं लॉकेट तुळशीत सापडलं. घड्याळ तर म्हशीच्या पुढ्यातून काढावं लागलं. काकूंचं म्हणणं एकच, कापसात सरकी राहू द्यायची नाही.

म्हणजे बॅटरी अशी हवी की काकूंच्या बोटांना ती कापडच वाटावी. शिवाय वैशाखातल्या घामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकावी. तीळ पदराच्या गोंड्यात खपून गेला, कारण गाठ मुळातच टणक असते. बॅटरी मात्र पदराच्या आतल्या पट्टीतच बसवायची होती.

पहिला दीड महिना एकही बॅटरी तासाभरापलीकडे जगली नाही. काकाजींनी जस्त बदललं, डिंक बदलला, कागद बदलला. मग माझ्या घामावर संशय आला आणि रजिस्टरातून माझं नाव काही दिवस खोडलं गेलं. प्राध्यापक येऊन डोकं खाजवून गेले. मी सहज एक बॅटरी उजेडात धरून पाहिली तर वरच्या बाजूला मला गणपती दिसला. मी विचारलं, हे काय? काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही वावगं बोललो होतो. म्हणाले, पन्नास वर्षांत या हातानं माथ्यावर गणपती ठेवल्याशिवाय एक कागद छापला नाही, आता काय नास्तिकावानी छापू? मला ते पटलं. मीसुद्धा हात जोडले आणि बॅटरी खाली ठेवली. दोन शिकलेली माणसं आम्ही.

उलगडा काकूंनी केला. तो तुकडा पलंगावर पडला होता, त्यांनी उचलून बोटांत फिरवला आणि एका जागी थांबल्या. "हे पाहा, येथी सरकी हाय," म्हणाल्या आणि नखाने खरवडू लागल्या. काकाजी धावले, पण तोवर गणपतीच्या सोंडेचं टोक गेलं होतं. ती बॅटरी त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत चालली. तेव्हा कुठे काकाजींनी भिंग लावून पाहिलं. गणपती त्यांनी त्याच काळ्या, वीज वाहून नेणाऱ्या शाईने छापला होता. सोंड बॅटरीच्या एका टोकाला टेकत होती आणि मोदकाचा हात दुसऱ्या टोकाला. आतली सगळी वीज दीड महिना गणपतीच्या अंगातून आरपार जात होती.

काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. बॅटरी फसली याचं त्यांना फार वाटलं नव्हतं. गणपतीला दीड महिना करंट दिला, याचं वाटलं होतं.

मी उपाय सुचवला, गणपती साध्या लाल शाईने छापा, तिच्यातून वीज जात नाही. त्यांनी तसं केलं. वीज थांबली, पण लाल शाईचा एक थर वाढला आणि तो काकूंच्या बोटांना लागू लागला. दर वेळी त्या बरोब्बर तिथेच नख लावत. काकाजींनी शाई पातळ केली, जाळी आणखी बारीक घेतली, सोंड आखूड केली. तरी काकूंना सरकी सापडेच. आठ-दहा दिवस हे चाललं. मग एका सकाळी ते माझ्या पोटावर पट्टी चिकटवत होते तेव्हा मी पाहिलं, पट्टीचा माथा कोरा होता.

मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "काढला. तिच्या बोटाले टोचत होता थो." आणि पट्टीची कड दाबत, "त्याले सांगितलं मी, हात जोडून. हिच्यासाठी छापून राह्यलो म्हटलं, तू समजून घेजो."

त्यानंतर काकूंच्या परीक्षेत बॅटरी पास झाली. परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. काकू ओट्यावर बसून पदर चिमटीत फिरवत होत्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकाजी समोर वेताच्या मोड्यावर, मीटर मांडीवर घेऊन. मी फाटकाशी, सुमनबाई टोपली खाली ठेवून माझ्या शेजारी. काकूंची बोटं पट्टीवरून गेली, परत आली, पुन्हा गेली आणि पदर मांडीवर सोडून त्यांनी कापूस हातात घेतला. सुमनबाईंनी डोळे पुसले. काकाजींनी फक्त मीटर लावलं आणि म्हणाले, "दीड व्होल्ट. पक्का दीड."

ही बॅटरी पुन्हा भरता येत नाही. एक दिवस चालते आणि संपते. म्हणून काकाजी रोज पहाटे उठून उद्याची बॅटरी छापतात आणि कालची छापलेली, सुकलेली, पदराच्या पट्टीत सुईदोऱ्याने टाचतात. पन्नास वर्षं पत्रिका छापणारा माणूस आता रोज एकच प्रत छापतो. मी म्हटलं, एकदम महिन्याच्या छापून ठेवा. तर म्हणाले, शिळी कशाले लावू तिले? आम्हा नऊ जणांची चाचणी मात्र अजून चालू आहे. वैशाखातली झाली, आता श्रावणातली दमट हवा बघायची आहे, असं रजिस्टरात लिहिलं आहे.

बजर वाजू लागला. आठवड्यातून दोनदा-तीनदा दुपारी तो घराघरांत ऐकू येई आणि गल्लीला हायसं वाटे. बाई निघाली, काकाजी धावले, आणली परत, असं आम्ही धरून चाललो होतो. काकाजी हुशार माणूस, त्यांनी बायकोला घरात सुखरूप ठेवण्याची युक्ती काढली, असं मी दवाखान्यातही चार जणांना सांगितलं.

गेल्या महिन्यात मला नागपूरला बहिणीकडे जायचं होतं. रविवार होता. दुपारच्या बसमध्ये मी मागच्या बाजूला खिडकीशी बसलो. बस सुटायला पाच मिनिटं होती आणि काकू पिशवी घेऊन चढल्या. माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या. माझ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. मी उठणार, त्यांना खाली उतरवणार, तेवढ्यात मागून काकाजी चढले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल लावून भांग पाडलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी त्यांना जागा करून देत म्हणालो, थांबा, आपण दोघं मिळून उतरवू. त्यांनी मला हाताने खाली बसवलं. मग वाकून हळूच म्हणाले, "तिले थांबवासाठी नाई लावला बजर, राऊतबाबू. थे निंघाली का मलेबी निंघा लागते, म्हणून लावला."

आणि ते काकूंना म्हणाले, "बसू का जी येथी?"

काकूंनी पदर आवरून जागा दिली. बस सुटली. मी मागे बसून सगळं ऐकत होतो. मला ऐकायला नको होतं, पण कान बंद करता येत नाहीत.

काकूंनी विचारलं, कोठी चालले? काकाजी म्हणाले, केळझरले. मग काकूंना बरं वाटलं. माझं माहेर तिथलंच, असं त्यांनी सांगितलं. वडिलांचा मळा, विहिरीजवळची चिंच, डोंगरावरचा गणपती. काकाजी प्रत्येक गोष्ट नवी असल्यासारखी ऐकत होते, चिंचेला किती बोटुकं लागत ते विचारत होते. शेवटी त्यांनी विचारलं, घरचे नाही आले सोबत?

"आमचा छापखाना हाय जी," काकू म्हणाल्या. "लगनाच्या दिवसात बाया माहेरी जातात, अन् त्याच दिवसात त्याइले काम. सीझन झाल्यावर नेतो म्हणतात. केळझरले थे दरसाल येतात ना, पत्रिका पोचवाले. पण गाडीवर मांगं गठ्ठे असतात. मले जागा नाई."

तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं त्या सांगत होत्या. काकाजींनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मग ते म्हणाले, "या बारीनं आणलं असंन त्याइनं."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, परक्याची चूक दुरुस्त करावी तसं.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "मी एकटीच आली."

काकाजींनी मान हलवली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या माणसाची मी चारचौघांत टिंगल केली होती आणि त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

केळझर आलं. काकाजींनी "आलं बरं का" म्हणून सांगितलं आणि आधी स्वतः उतरून खालून हात पुढे केला. काकू पायरीवर थांबल्या. परक्या माणसाचा हात त्यांनी धरला नाही. जरा विचार करून त्यांनी हातातली पिशवी त्याच्याकडे दिली आणि दांडी धरून सावकाश उतरल्या. बस हलली तेव्हा काकू गावाच्या रस्त्याला लागल्या होत्या आणि काकाजी पिशवी छातीशी धरून त्यांच्या दोन पावलं मागून चालले होते.